तलवारीची पाठ काय सांगते?

जुनी युरोपीय तलवार विकणारा आधी अक्षरं दाखवतो. हा मुकुट, हे ‘जी आर’, म्हणजे तिसरा जॉर्ज, दोनशे वर्षांपूर्वीचा माल! मी मान डोलावतो आणि खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढतो. अक्षरं काय, कालही उमटवता येतात. मला पात्याची पाठ मोजायची असते, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड.

ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाची १७९६ सालची तलवार घ्या. जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बॉर्नला हाताशी धरून ती सिद्ध केली. पातं साधारण ८३ सेंटीमीटर, चांगलंच बाकदार, आणि टोकाकडे निमुळतं होण्याऐवजी उलट थोडं रुंदावणारं. प्रशियाने ती जवळपास जशीच्या तशी उचलली. हिंदुस्थानी स्वारांनाही हे पातं इतकं आवडलं की त्याला आपली मूठ बसवलेल्या तलवारी आजही सापडतात.

अस्सल पात्याची पाठ परजेजवळ, म्हणजे मुठीपाशी हात वाचवणाऱ्या धातूच्या भागाजवळ, ८ ते १० मिलिमीटर जाड भरते. मध्यावर ती बरीच उतरते आणि टोकाच्या अलीकडे जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर उरते. असं का? फिरत्या वस्तूला आवरायला लागणारा जोर वस्तुमानाबरोबरच अंतराच्या वर्गाने वाढतो. मुठीपासून ८० सेंटीमीटरवरचं एक ग्रॅम लोखंड २० सेंटीमीटरवरच्या एका ग्रॅमपेक्षा सोळापट हट्टी. टोक रुंद ठेवायचं आणि घोड्यावरून हात भरूनही यायला नको, तर ते पातळ करण्यावाचून इलाज नाही. लोहार हा उतार तापवून-ठोकून आणत. आजची स्वस्त नक्कल मात्र एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेली असते. तीन ठिकाणी कॅलिपर लावला की ४.९, ४.८, ४.९. पुढे बोलायची गरजच नसते.

नकलेचं दुसरं बिंग मुठीच्या टोकाशी फुटतं. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाते आणि १७९६ च्या तलवारीत तिचं टोक वर ठोकून चपटं केलेलं असतं. तिथे आटे पाडलेला नट दिसला, तर तलवार निदान उघडून पुन्हा बसवलेली, नाहीतर सरळ नवी.

अक्षरं अगदीच निरुपयोगी नाहीत म्हणा. फ्रेंचांनी तर काम सोपंच करून ठेवलंय: अल्सासमधल्या क्लिंगेन्थालच्या कारखान्यातल्या बऱ्याच पात्यांच्या पाठीवर कारखान्याचं नाव, महिना आणि साल सुबक अक्षरांत कोरलेलं असतं. इंग्रजी पात्यांवर ‘वॉरंटेड’, म्हणजे ‘हमी दिलेलं’, हा शब्द दिसतो. तो शोभेचा नाही. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घोडदळासाठी तलवारी मागवताना पाती यंत्रात वाकवून पारखली. थॉमस गिलच्या २,६५० तलवारींपैकी फक्त ४ नापास झाल्या, जर्मनांच्या १,४०० पैकी २८, आणि बाकीच्या इंग्रज कारखानदारांच्या २,७०० पैकी तब्बल १,०८४! नुसतं पाणी दिलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं तडकतं. ते पुन्हा बेताने तापवलं तरच त्यात लवचीकपणा येतो. गिलला हा बेत साधला होता. (घरची जुनी तलवार वाकवून बघायचा मोह टाळा.)

अधिकाऱ्यांच्या पात्यांवरचं राजचिन्ह भिंगाखाली बघण्यात मला सगळ्यात जास्त मजा येते. ढालीच्या चौकटींत फ्रान्सची लिली असेल तर नक्षी १८०१ च्या आधीची, कारण त्या साली इंग्लंडच्या राजाने फ्रान्सवरचा नावापुरता हक्क सोडला. लिली नाही, पण मधल्या हॅनोव्हरच्या (म्हणजे याच राजाच्या जर्मनीतल्या राज्याच्या) छोट्या ढालीवर टोपी आहे, तर १८०१ ते १८१६. टोपीच्या जागी मुकुट असेल तर १८३७ पर्यंत. त्या साली व्हिक्टोरिया गादीवर आली आणि ती ढालच गेली. अर्थात कारागीर जुना नमुना काही काळ चालवत, तेव्हा चार-दोन वर्षं इकडेतिकडे धरावीत.

त्या काळच्या श्रीमंती पात्यांवर निळा रंगही असे, वर सोन्याची वेलबुट्टी. हा निळा रंग लावलेला नसतो. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका, आणि त्यातून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून निळा दिसतो. एवढ्या पापुद्र्याला एक घासणी पुरते.

आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात आणि त्याआधी हौसेने चिंच लावून घासतात. अशीच एक तलवार एका घरी पाहिली. मूठ, परज सगळं १७९६ च्या घाटाचं, पाठीचा उतार चोख, आणि पातं स्टीलच्या ताटासारखं लख्ख. नक्षीची एक रेघ शिल्लक नव्हती. या तलवारीच्या परजेला पात्यावर टेकणाऱ्या दोन छोट्या जिभा असतात. त्यातल्या एकीच्या फटीत टॉर्च धरला. आत, जिथे घासणी पोचली नव्हती, तिथे नखाएवढी गडद निळाई उरली होती.