छडी गेली, पण तिच्या जागी काय आलं?

गोव्यात फोंड्याला आमच्या पोराच्या शाळेत पालकसभा असली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता मारायला बंदी ना, म्हणून पोरं शेफारलीत." बोलणारे बहुतेक वेळा कुणाचे तरी आजोबा असतात. त्यांना दोष तरी काय द्यायचा, त्यांच्या वेळी शिस्त म्हणजे हातावर पडणारी वस्तूच होती. पोर्तुगीज शाळेत गेलेल्यांना पालमातोर आठवते, लाकडाची भोकं पाडलेली चपटी थापी, हात पुढं करायचा आणि ती घ्यायची. मराठी शाळेत फोक, पट्टी, उठाबशा, नाहीतर अंगठे धरून उभं. १९६१ ला पोर्तुगीज गेले, पुढं गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, छडी मात्र राहिली. घरी तेच सुभाषित, पाच वर्षं लाड, दहा वर्षं मार, सोळाव्या वर्षी मित्र (आपल्या लोकांच्या लक्षात फक्त मधली दहा राहतात, ते सोडा).

मुलांशी "प्रेमानं पण ठाम" वागा हे आज जे सगळे सांगतात ना, त्याचं एक मूळ व्हिएन्नात आहे. मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी पहिल्या महायुद्धानंतर तिथं मुलांसाठी सल्ला केंद्रं काढली, पालक आणि शिक्षक दोघांना समोर बसवून बोलायचं. त्यांचं म्हणणं असं, की मूल खोड्या काढतं तेव्हा ते आपली जागा शोधत असतं. १९३४ च्या सुमारास राजवट बदलली आणि केंद्रं बंद पडली. त्यांचे सहकारी रूडॉल्फ ड्रायकर्स पुढं शिकागोला गेले आणि त्यांनी हे नीट मांडलं: प्रेमानं वागलं की मुलाचा मान राहतो, ठाम राहिलं की आपला. म्हणजे पोरगा पावसात रेनकोट वर्गात विसरून आला तर थोबाडीत नाही, लेक्चर नाही, आणि आई धावत आणायला जाते तेही नाही, उद्या तो स्वतः आणेल, तोवर जुनी छत्री. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला, त्यातही माया आणि नियम दोन्ही असलेल्या घरातली मुलं जास्त स्वावलंबी दिसली.

आणि हे परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी जरा बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आठवाव्यात. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम करून १९२६ ला त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढं बोर्डी, कोसबाडला काम केलं. गिजुभाई तर शिक्षाही नको आणि बक्षीसही नको म्हणायचे, बक्षीस नको हे तर आजच्या पालकांनासुद्धा पचणार नाही!

मग कायदा आला. गोव्याचा बाल कायदा २००३ चा, त्यात शाळेत मारायला बंदी, म्हणजे देशभरच्या शिक्षण हक्क कायद्याच्या आधी, शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पण कायद्यानं काय करू नये ते सांगितलं, चाळीस पोरांच्या वर्गात बाईंनी करायचं काय ते कुणी सांगितलं? मग काहीजणी नुसत्या ओरडतात आणि काही सोडूनच देतात.

स्वीडननं १९७९ ला घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली, जगात पहिल्यांदा, आणि तेव्हा सरकारनं त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली, घरोघरी नाश्त्याच्या टेबलावर ते खोकं, आईबाप आणि पोरं एकत्र वाचतायत. आमच्या शाळेत बंदीची नोटीस आहे, ऑफिसच्या दाराआड, शिपायाच्या खुर्चीमागं.