लहानपणीच्या कॅन्सर-उपचारांनंतरचा डायबेटिस आणि आनुवंशिक धोका

लहानपणी कॅन्सर झाला, बरा झाला, आणि मग तिशीत शुगर निघाली, असं काही जणांचं होतं. हा उपचारांचा उशिरा दिसणारा परिणाम, आणि त्यात घरून आलेल्या जीन्सचाही वाटा असतो.

पोटावर घेतलेलं रेडिएशन किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी अख्ख्या अंगाला दिलेलं रेडिएशन, ही मोठी कारणं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वादुपिंडाच्या शेपटाकडे जास्त दाट असतात आणि ते शेपूट डाव्या किडनीला जवळजवळ चिकटूनच, त्यामुळे विल्म्स ट्यूमरसाठी (लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर) डावीकडे रेडिएशन दिलं की त्यालाही झळ बसते. २००९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात लहानपणीच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांमध्ये डायबेटिसचा धोका सख्ख्या भावंडांच्या १.८ पट निघाला, अख्ख्या अंगाला रेडिएशन झालेल्यांमध्ये ७.२ पट. भावंडं घेतली हे बरं केलं, कारण घरचे जीन्स बरेचसे सारखे, म्हणजे उरतो तो फरक मुख्यतः उपचारांचा. (ल्युकेमियाच्या केमोत स्टेरॉइडमुळे साखर चढते ती वेगळी, ती बहुतेकदा नंतर उतरते.)

डायबेटिसचा असा एकच जीन नसतो, जीन्समधल्या शेकडो बारीक फरकांची बेरीज असते. त्यातला वजनदार जीन टीसीएफ७एल२, त्याचा संबंध पुण्यातल्या पेशंट्समध्येही २००७ साली दिसला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांचा २००४ मधला फोटो तर प्रसिद्धच आहे, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्यामुळे "पोरगं काडीसारखं आहे, त्याला कसली शुगर" हे आपल्याकडे चालत नाही, त्यात पोटावर रेडिएशन झालेलं असेल तर अजिबातच नाही.

या फरकांची बेरीज करून स्कोर काढतात खरा, पण असे स्कोर बहुतेक युरोपियन लोकांच्या डेटावर बेतलेले, आपल्यावर तेवढे नेमके बसत नाहीत, त्यामुळे महागडी जीन टेस्ट करत बसण्यापेक्षा आई-बाबांना, आत्या-मामांना शुगर कितव्या वर्षी लागली ते विचारावं आणि माळ्यावरची जुनी फाइल काढावी, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) दिलं ते त्यात असतं. पोटावर घेतलं असेल तर वजन कितीही असो, दर दोन वर्षांनी उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करतात. अॅनिमिया असेल तर एचबीएवनसी फसवू शकतं, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.