बाहुलीघराची उलटी लागलेली भिंत

जिन्याचं भोक मजल्याच्या डाव्या अंगाला यायला हवं होतं, ते उजवीकडे आलं. मजला उलटा बसलाय, गोंद सुकून दोन दिवस झालेत आणि जिना आता सरळ भिंतीत जाऊन थांबतो. पहिलं लाकडी बाहुलीघर जोडताना होणारी ही अगदी नेहमीची चूक. हाताला येईल ते ओढून ती सुधारायला गेलं की सांधा तसाच राहतो आणि शेजारचं लाकूड फाटतं. चांगला सुकलेला सुतारी गोंद लाकडाच्या तंतूंहून चिवट असतो, म्हणून. जोर लावण्याआधी गोंद कोणता आणि लाकूड कोणतं हे ओळखायला हवं. या दोघांचाही सगळा कारभार पाण्याशी चालतो, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर पाणी हवेतच भरलेलं असतं.

बहुतेक किट, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या तयार पेट्या, पांढऱ्या गोंदाने जोडले जातात. लोकांच्या तोंडी तो फेविकॉल. रसायनाच्या भाषेत हा पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, आणि बाटलीतल्या गोंदाचा साधारण निम्मा भाग नुसतं पाणी असतं. पाण्यात या प्लास्टिकचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. दमट हवा ते पाणी लवकर उचलत नाही. म्हणून जानेवारीत 24 तासांत पक्का होणाऱ्या सांध्याला जुलैत 48 तास तरी द्यावेत. वरून कोरडा दिसणारा सांधा आत ओलाच असतो. त्यावर दुसरा मजला चढवला की भिंती हळूच सरकतात आणि घर तिरकं होतं.

आता सुटकेचा भाग. पांढरा गोंद सुकताना पक्क्या रासायनिक बंधांनी विणला जात नाही. तो प्लास्टिकच राहतो, आणि ऊब लागली की मऊ पडतो. हेअर ड्रायर सांध्यापासून 5 ते 8 सेंटिमीटरवर धरून दोन-तीन मिनिटं सतत हलवत फिरवा. बोटाला सोसवणार नाही इतकं लाकूड तापलं की पातळ, बोथट पात्याची सुरी फटीत सरकवा. सुरी आडवी फिरवायची, टेकू देऊन उचकटायची नाही. दोन-तीन सेंटिमीटर सुटलं की तिथे बोटभर रुंदीचा कागद सारून ठेवा, म्हणजे सुटलेला भाग गार होताना पुन्हा चिकटणार नाही. मग पुढच्या टप्प्याला ऊब. एक हातभर लांबीचा सांधा सोडवायला अर्धा तास लागला तरी घाई करू नका.

ऊब पुरली नाही तर व्हिनेगर. त्यातलं पाणी आणि आम्ल मिळून गोंदाचा पापुद्रा फुगवून ढिला करतात. गरम व्हिनेगरात भिजवलेली कापडाची पट्टी सांध्यावर 20 मिनिटं ठेवा. घरात माडाचा व्हिनेगर असेल, पण तो रंगीत असतो आणि उघड्या लाकडावर डाग सोडतो. इथे दुकानातला पांढराच घ्या. एमडीएफवर मात्र ही पट्टी ठेवूच नका. एमडीएफ म्हणजे दाबून बसवलेला लाकडी भुगा. ओला झाला की दबलेले तंतू उसळतात आणि सुकल्यावर पूर्वीच्या जागी परतत नाहीत. फुगलेली कड मग कायमची फुगलेलीच. आणि बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ असेल तर तो गोंद व्हिनेगरला फारसा जुमानत नाही. तिथे ऊब देऊन बघावी, नाहीतर बारीक दातांच्या करवतीने सांधा कापावा.

सुटलेला तुकडा लगेच परत चिकटवायचा मोह होतो. थांबा. पांढरा गोंद आपल्याच सुकलेल्या पापुद्र्याला नीट धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि मग बोटाच्या टोकाने पाण्याचा एक थेंब त्या जागी ठेवा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर गोंद अजून शिल्लक आहे. तो पसरून काही क्षणांत गडद डाग उमटला तर लाकूड उघडं झालं. सुधारलेले सांधे पुन्हा सुटतात ते बहुधा ही चाचणी राहून गेल्यामुळे.

फेविक्विकसारखा झटपट गोंद वेगळ्या जातीचा. हा सायनोअॅक्रिलेट, आणि तो सुकतो म्हणण्यापेक्षा हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने आळतो. त्यामुळे पावसाळ्यात पांढरा गोंद रेंगाळतो, तर झटपट गोंद तुकडा सरळ करायच्या आतच धरून बसतो. त्याची वाफ दमट हवेत आसपास पांढरी भुकटी होऊन बसते. खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर धुकं दिसतं ते याचंच. म्हणून खिडक्यांजवळ तो वापरूच नये. सांधा सोडवायला अॅसिटोन लागतं, कापसाच्या बोळ्याने थेंब-थेंब. पण खिडकीचं प्लास्टिक अॅसिटोनने विरघळतं किंवा तडकतं, तेव्हा ते आधी काढून ठेवा. अॅसिटोन झटकन पेट घेतं. खोलीत गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि हे काम मुलांकडे द्यायचं नाही.

जीभ खाचेत जात नाही

किटमध्ये 3 मिलिमीटर प्लायवूडची जीभ, म्हणजे तुकड्याच्या कडेतून पुढे आलेलं टोक, 3 मिलिमीटरच्या खाचेत बसते. पेटी जुलैत उघडली की ती अडते, आणि माणूस हातोडी शोधतो. हिशोब असा: हवेतली आर्द्रता 60 टक्के असताना लाकडात वजनाच्या साधारण 11 टक्के पाणी असतं, 90 टक्के असताना 20 च्या आसपास. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे लांबी-रुंदी एकमेकांना रोखून धरतात, जाडीला अडवणारं मात्र कोणी नसतं. पाणी एक टक्का वाढलं की जाडी साधारण 0.3 टक्के वाढते. 9 टक्क्यांना 3 मिलिमीटरवर 0.08 मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून थोडं कमी. खाच मात्र फळीच्या पृष्ठावर कापलेली, ती तेवढीच राहते. कागदाएवढ्या फरकाने जीभ तुटते.

उपाय साधा आहे. सगळे तुकडे दोन दिवस एसीच्या खोलीत किंवा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मग गोंदाशिवाय, नुसत्या मास्किंग टेपने अख्खं घर एकदा उभं करा. छत, जिना, दारं, सगळं. उलटा मजला, आतबाहेर फिरलेली भिंत, डाव्याची उजवी झालेली त्रिकोणी भिंत या सगळ्या चुका इथेच सापडतात आणि टेप काढायला एक मिनिट लागतं. प्रत्येक तुकड्याच्या लपणाऱ्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि बाण घाला: ‘वर’, ‘समोर’.

जीभ तुटलीच असेल तर ती चिकटवत बसू नका, बुंध्याशी सपाट कापा. त्याऐवजी आतल्या कोपऱ्यात 6 मिलिमीटर चौकोनी पट्टी उभी चिकटवा. जिभेपेक्षा तिला गोंद धरायला जास्त जागा मिळते. भिंत खरोखरच बदलता येत नसेल तर नवी खाच पाडता येते. धारदार पात्याने दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके चरे पाडून मग बारीक करवत चालवा, म्हणजे वरचा पापुद्रा उचकटणार नाही. जुनी खाच बुजवायला किटमधली उरलेली चौकट वापरा. तुकडे जिच्यातून निघाले ती, जी सहसा कचऱ्यात जाते. तेच लाकूड, तीच जाडी. नुसत्या गोंदाने फट भरू नये, कारण तो निम्मा पाणीच असतो, ते उडून जातं आणि फट परत उघडते. कागदाहून रुंद फटीत लाकडाची पातळ चीप आणि वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी.

घर तिरकं झालंय का

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. 40 सेंटिमीटर रुंद आणि 30 उंच भिंतीचा कर्ण बरोबर 50 सेंटिमीटर यायला हवा, शाळेतला 3-4-5 चा त्रिकोण. दोन कर्णांत 4 मिलिमीटरचा फरक असेल तर वरची कड अडीच मिलिमीटर एका बाजूला झुकलेली आहे. एकास बारा या मापाच्या घरात अडीच मिलिमीटर म्हणजे खऱ्या घरातले 3 सेंटिमीटर. तेवढ्याने छत बसत नाही. गोंद ओला असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांभोवती सुतळीचा फास घाला, मधे पेन्सिल अडकवून पीळ द्या आणि कर्ण सारखे झाले की तसंच 48 तास ठेवा. सुकलेलं असेल तर कोपऱ्यांना ऊब देऊन हेच करावं लागतं.

बाक आलेली भिंत सुतळीने किंवा गोंदाने सरळ धरून ठेवायचा प्रयत्न मात्र टिकत नाही. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली, विशेषतः मे महिन्याच्या उकाड्यात, इंचाइंचाने नाही तरी केसाकेसाने सरकत राहतो. भिंत आधी सरळ करा, मग जोडा. बाक येतो तो बहुतेक वेळा एकाच बाजूला रंग दिल्यामुळे: रंगवलेली बाजू ओलावा अडवते, उघडी बाजू पिते आणि फुगते. खोलगट बाजू ही आखडलेली बाजू, म्हणून तिच्यावरचा रंग घासून काढा आणि ओलं फडकं हलकेच फिरवा. मग दोन उरलेल्या फरशांमध्ये कागद घालून भिंत दाबून ठेवा. कागद रोज बदला, तीन-चार दिवस लागतात. एमडीएफला ही युक्ती चालत नाही. तिथे मागून पट्टी मारणंच बरं.

सरळ झाली की दोन्ही बाजू आणि सगळ्या कडा बंद करा, पण सांध्याच्या जागा मास्किंग टेपने झाकून. पाण्याच्या रंगाने कडा पुन्हा फुगतात, म्हणून पहिला हात सुतारांच्या फ्रेंच पॉलिशचा द्यावा. ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, तिच्यात पाणी नसतं आणि ओलावा अडवायला ती फार चांगली. पातळ दोन हात, मधे 240 नंबरचा पॉलिश पेपर. एमडीएफच्या कडांना तिसरा हात. छत शेवटी, आतला कागद, दिव्यांच्या तारा आणि खिडक्या बसवून झाल्यावर. आणि पहिला पूर्ण पावसाळा ते छत गोंद न लावता नुसतं टेकवून ठेवावं, म्हणजे आत हात जाईल आणि कुठला सांधा सरकलाय ते सप्टेंबरात बघता येईल.