वाघाटी: एक नाव, दोन मांजरं

कोकणात 'मांजर' हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. अंगभर खवले असलेलं, मुंग्यांवर जगणारं ते खवलेमांजर. खाडीत मासे पकडतं ते पाणमांजर. रात्री पिकल्या फणसावर ताव मारतं ते उदमांजर. यातलं एकही मार्जारकुळातलं नाही. रानात खरीखुरी मांजरं राहतात, त्यांच्या वाट्याला मात्र इनमिन दोन नावं आली: बाऊल आणि वाघाटी. बाऊल म्हणजे बिनठिपक्यांचं, उंच पायांचं, कानांच्या टोकांना काळ्या केसांचा बारीक झुपका असलेलं रानमांजर. ते ओळखू येतं. गोंधळ वाघाटीचा आहे, आणि तो चांगला दीड-दोनशे वर्षं जुना आहे. (वाघाटी म्हटल्यावर देशावरच्या कुणाला आषाढी द्वादशीची भाजी आठवली तर तीही बरोबरच, पण ती काटेरी वेल, तिचा इथे संबंध नाही.)

एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीत हिंडणाऱ्या इंग्रज प्राणी-अभ्यासकांनी एका ठिपकेदार मांजराचं नाव विचारलं, तेव्हा घाटातल्या मराठी माणसांकडून त्यांना 'वाघाटी' असं कळलं. त्यांनी ते रोमन लिपीत टिपून ठेवलं. पुढे १८६७ साली लंडनमध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी या मांजराला चक्क 'फेलिस वागाटी' असं शास्त्रीय नाव दिलं. पण हेच मांजर रॉबर्ट कर यांनी १७९२ मध्येच बंगालच्या नावाने नोंदवलेलं होतं. शास्त्रात आधी ठेवलेलं नाव टिकतं, नंतरचं बाद होतं. म्हणून आज ते 'प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस' आहे आणि आपली वागाटी बाद नावांच्या यादीत पडून आहे. नाहीतर घाटातल्या कुणा अनामिक माणसाचा शब्द लॅटिनच्या पंगतीत कायमचा बसला असता. मराठीत या मांजराला आता बिबट मांजर असंही म्हणतात.

दुसरं मांजर आणखी लहान. त्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ साली इसिदोर जॉफ्रुआ सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केलं, तेही पाँडिचेरीच्या नमुन्यावरून. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'रुबिजिनोसस' म्हणजे गंजाच्या रंगाचं. वजन जेमतेम एक ते दीड किलो. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत त्याची गणना होते. याला मराठीत स्वतःचं असं ठसठशीत नाव मिळालंच नाही. बातम्यांमध्ये आणि वनखात्याच्या बोलण्यात हेही वाघाटीच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघाटीच्या पैदाशीचा प्रकल्प आहे असं आपण वाचतो, तेव्हा ती वाघाटी ही दुसरी, गंजठिपक्यांची असते. तळकोकणातला माणूस त्याच शब्दाने बिबट मांजराकडे बोट दाखवतो.

मला यात कुणाची फार चूक वाटत नाही. दोन्ही मांजरं एकाच प्रजातीगटातली, सख्खी नव्हे तरी चुलत. पण ओळखायची कशी, हे माहीत असावं. भातकापणी आटोपल्यावर एका रात्री गावच्या वाटेवर चिऱ्याच्या गडग्यावरून एक मांजर निवांत चालत जाताना दिसलं. गाडीच्या उजेडात आधी डोळे चमकले. अंगाकडे बघण्याआधी मी शेपटीकडे बघितलं. पिवळसर शेपटीवर काळे ठिपके होते, टोकाकडे त्यांची वलयं झाली होती. वळलं तेव्हा कानामागे पांढरा ठिपका दिसला. म्हणजे बिबट मांजर. गंजठिपक्यांच्या वाघाटीचं अंग राखाडीकडे झुकणारं असतं, ठिपके तांबूस, आणि शेपटीवर ठिपके जवळपास नसतात. तेवढ्यात ते गडग्यावरून काजूच्या बागेत उतरलं. आवाज नाहीच.

आकार लहान म्हणून स्वभाव गरीब, असं मात्र नाही. थॉमस जर्डन या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने १८४६ साली गंजठिपक्यांचं एक पिल्लू पाळलं होतं. ते आठेक महिन्यांचं झाल्यावर त्याने त्याला चिंकाऱ्याचं पाडस असलेल्या खोलीत सोडलं. दिसताक्षणी या पठ्ठ्याने पाडसाची मानगूट धरली, ती सोडवताना जर्डनची दमछाक झाली. एरवी दोघांचाही आहार उंदीर, पक्षी, सरडे, बेडूक, किडे असाच. दोघंही निशाचर, झाडावर चढण्यात तरबेज. बिबट मांजर पोहतंही उत्तम.

दोघांच्या पसंतीच्या जागा मात्र वेगळ्या, आणि कोकणाचं महत्त्व इथे येतं. वन्यजीव संशोधक शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली भारतातल्या बाऊल आणि बिबट मांजरांच्या विष्ठेतला डीएनए तपासला. बाऊल देशभर मिसळलेलं निघालं. बिबट मांजराची पश्चिम घाटातली वस्ती मात्र उत्तरेकडच्या वस्तीपासून तुटलेली दिसली. कारण मधला रखरखीत पट्टा: उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो तिथे हे मांजर टिकत नाही. म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचं ओलसर कोकण हे त्याच्यासाठी एक बेटच झालं. आंबोली-तिलारीकडची झाडी तुटून तिथे रबर आणि काजूची सलग लागवड होते, तेव्हा या बेटाचाच तुकडा जातो. बाहेरून दुसरी मांजरं येऊन तो भरणार नाहीत. गंजठिपक्यांच्या वाघाटीला कोरडी झुडपी रानंही चालतात.

माणसाच्या जवळ राहायला दोघांचीही फारशी हरकत नसते. दक्षिण भारतात गंजठिपक्यांच्या मांजराने भातशेतीतल्या ओसाड घराच्या माळ्यावर पिल्लं वाढवल्याची नोंद आहे. पंचाईत पिल्लांची होते. गवत कापताना सापडली की लोक 'आई सोडून गेली' असं समजून घरी आणतात. बहुतेक वेळा आई जवळच दबा धरून बसलेली असते. दोन्ही मांजरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे पिल्लू घरी ठेवणं गुन्हा ठरतो. जुन्नर-ओतूर भागात उसात सापडलेली पिल्लं अंधार पडल्यावर खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात आणि माणसं लांब जाऊन थांबतात. आई येते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलते आणि उसात दिसेनाशी होते.