पॅट्रिक गेडिस : नकाशाआधी पायपीट

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुखपदी आलेले गृहस्थ त्याआधी स्कॉटलंडमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होते, जगभर नगररचनाकार म्हणून ओळखले जात होते आणि पदवी म्हणाल तर त्यांनी एकही पुरी केलेली नव्हती. पॅट्रिक गेडिस हे त्यांचं नाव. शाश्वत विकासाची जी व्याख्या आज जो तो उद्धृत करतो ती संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रंटलंड आयोगाची. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शहरांना अकरावा क्रमांक मिळाला तो २०१५ मध्ये. पाणी, माती, झाडं, घरं आणि रोजगार एकत्र धरूनच शहराचा विचार करायला हवा, हे गेडिस यांनी ठाणे, वांद्रे, नागपूर, इंदूर अशा ठिकाणी हिंडून त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा. लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. पुढे मेक्सिकोत संशोधनाला गेले असताना डोळ्यांना इजा झाली आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाखालचं काम त्यानंतर पूर्वीसारखं जमेना. एडिंबरात नोकरी करत असताना, १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर, या जोडप्याने जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या बकाल वस्तीत बिऱ्हाड थाटलं. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना काढायचा, खिडक्यांत रोपं लावायची, दोन इमारतींमधल्या पडीक तुकड्यात मुलांसाठी बाग करायची, अशी ती सुरुवात. जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली. पैशांची ओढाताण कायमची होती. डंडीच्या महाविद्यालयात १८८८ पासून वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी मिळाली, तीही फक्त उन्हाळी सत्रापुरती. उरलेलं वर्ष हा माणूस शहरांवर खर्च करायला मोकळा.

एडिंबरात १८९२ मध्ये त्यांनी 'आउटलुक टॉवर' ताब्यात घेतला. माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत भिंगांच्या साहाय्याने भोवतालचं शहर एका पांढऱ्या टेबलावर हलतं-चालतं दिसे. तिथून एकेक मजला खाली उतरायचं : आधी एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप, तळाला सगळं जग. शहर त्याच्या प्रदेशापासून तोडून पाहता येत नाही, हे शिकवायची ही त्यांची रीत. 'स्थळ, काम, लोक' ही त्रयी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतली आणि तिला जीवशास्त्राची जोड दिली. 'आधी पाहणी, मग आराखडा' हा गेडिस यांचा नियमही याच विचारातला.

भारतात त्यांना बोलावलं ते मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी. १९१४ मध्ये ते निघाले. त्यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन, वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं, 'क्लॅन ग्रँट' या दुसऱ्या जहाजातून येत होतं. 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. मित्रांनी धावपळ करून नवं प्रदर्शन जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला ते मद्रासला मांडलंही गेलं.

त्या वेळी आपल्याकडे नगरसुधारणा म्हणजे काय होतं ते पाहिल्याशिवाय गेडिस यांचं वेगळेपण कळत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यापाठोपाठ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोगाची जागा, तेव्हा ती फोडून रुंद, सरळ रस्ते काढायचे, असा खाक्या. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टच्याच, हे मान्य करायला हवं. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी पडल्या, आणि उठवलेली माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरली. गेडिस यांनी देशभरातल्या अशा योजनांवर नेमकं हेच बोट ठेवलं. रस्ता रुंद करून दाटी कमी होत नाही, ती पुढच्या गल्लीत सरकते.

त्यांची पद्धत वेळखाऊ होती. कार्यालयात पट्टी घेऊन रेघा मारून हे काम होणार नाही, तासन्‌तास पायपीट करून जागेवरच आराखडा काढावा लागतो, असं त्यांनी अहवालांत बजावून ठेवलं आहे. गल्लीत शिरायचं, घर न् घर पाहायचं. कुठलं मोडकळीस आलंय, कुठलं नुसती डागडुजी मागतंय, कुठे पडक्या भिंतींमागे मोकळी जागा दडलीय, याची खूण नकाशावर करायची. मग दोनचार निकामी घरं तेवढी काढायची आणि तिथे लहानसा चौक मोकळा करायचा. झाड असेल तर त्याला पार बांधायचा. देऊळ, विहीर, वाड्याचा दर्शनी भाग जिथल्या तिथे ठेवायचा. बोळ वाकडी असली तर वाकडीच राहू द्यायची. याला त्यांनी शस्त्रक्रियेचं नाव दिलं : सडलेलं तेवढंच कापायचं आणि बाकीचं शरीर राखायचं. खर्चही कमी येतो, हा त्यांचा मुद्दा हिशेबी अधिकाऱ्यांना तरी पटायला हवा होता.

पाण्याच्या बाबतीत त्यांचा तेव्हाच्या आरोग्य खात्यांशी उभा दावा होता. हिवताप म्हणजे डास, डास म्हणजे साचलेलं पाणी, तेव्हा तलाव आणि विहिरी बुजवा, असं शास्त्रशुद्ध मत तेव्हा चालू होतं. मुंबईतल्या तलावांचं काय झालं ते धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावंच सांगतात. नावं उरली, पाणी गेलं. गेडिस यांचं म्हणणं, तलाव स्वच्छ करा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती अळ्या खातील. तलाव गावाची हवा थंड ठेवतो आणि पावसाचं पाणी धरून ठेवतो. सांडपाण्याचंही तेच. सगळं गटारात आणि गटार नदीत, या इंग्रजी रिवाजाऐवजी मैला मातीत परत जावा आणि त्यावर बागा फुलाव्यात, असं त्यांनी इंदूरसाठी मांडलं. वनस्पतिशास्त्राचा मास्तर इथे लपत नाही.

इंदूरची हकिगत तर सांगायलाच हवी. शहरात प्लेग होता आणि नवख्या गोऱ्या साहेबाकडे लोक संशयाने बघत होते. त्यांनी होळकर दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा ताबा मागून घेतला. मिरवणूक ज्या भागातली घरं आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल, अशी दवंडी पिटली गेली. घराघरांतून कचरा निघू लागला, रंगरंगोटी झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. मागून नव्या पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार, त्यांच्या झाडूंना हार. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि तुळशीची रोपं वाटली. ही कथा मुख्यतः गेडिस यांनीच सांगितलेली, तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरावा. अलीकडच्या काळात इंदूरला मिळालेल्या स्वच्छतेतल्या पहिल्या क्रमांकाशी तिचा संबंध लावणंही ओढूनताणून होईल. पण झाडूवाल्यांना हार घालून शहराच्या मिरवणुकीत मिरवणं, आणि तेही त्या काळात, ही कल्पना नुसत्या सजावटीची नव्हती. १९१८ मध्ये आलेला इंदूरचा दोन खंडी अहवाल हे त्यांचं भारतातलं सर्वांत विस्तृत काम.

याच काळात, १९१७ मध्ये, मुलगा अ‍ॅलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांत अ‍ॅना यांचं भारतात आजारपणात निधन झालं. गेडिस कामातच राहिले. १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठ, मग फ्रान्समध्ये माँपेलिए, मध्येच १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा. १९३२ मध्ये माँपेलिएलाच ते वारले. अमेरिकेत शहरांचे अभ्यासक लुईस ममफर्ड यांनी त्यांचे विचार पुढे नेले.

आपल्याकडे मात्र ते फारसे रुजले नाहीत. याला गेडिसही जबाबदार आहेत. लिहिणं अवघड, बोलणं दाढीतल्या दाढीत, एक काम संपण्याआधी दुसरं हाती. अंमलबजावणीचा अधिकार कुठेच नाही, संस्थानिकांच्या मर्जीवर मदार. मुंबई विद्यापीठात त्यांच्यानंतर मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले. ते स्वतः पुढे शहरांवर लिहीत राहिले, तरी विभागाची ओळख जात आणि नातेव्यवस्थेच्या अभ्यासाची झाली.

टिकला तो कायदा. गेडिस मुंबई इलाख्यातली गावं पाहत होते त्याच १९१५ साली मुंबईचा नगररचना कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदानांपुरता हिस्सा काढायचा आणि उरलेले भूखंड मूळ मालकांना नव्याने वाटायचे, ही टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, त्यातली. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा आणला, १९६६ मध्ये एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, आला, गुजरातने टीपी स्कीमचा धडाका लावला, आणि अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-म्हाळुंग्यात तीच वाट धरली. हत्यार उत्तम आहे. ते कुठे चालवायचं आणि कुठे नाही, हे सांगणारी नजर मात्र कलमांत बसत नाही.

एमआरटीपीमध्ये आराखड्याआधी पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा करणं बंधनकारक आहे, म्हणजे 'आधी पाहणी' कागदावर तरी आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. रहिवाशांनी आपापल्या वॉर्डात नकाशा हातात धरून ताडून पाहिलं, तर वारसा इमारतींची नोंद चुकलेली, उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.