पायथनमधील ओआरएम दोषशोधन

ओआरएम दोषशोधन : पायथन भाषेतला प्रोग्राम आणि संबंधात्मक डेटाबेस यांच्यामध्ये ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजेच ओआरएम, असताना डेटा वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणींचे मूळ शोधण्याची पद्धत. ओआरएम टेबलाला क्लासचे, ओळीला ऑब्जेक्टचे आणि रकान्याला गुणधर्माचे रूप देतो व लागणारे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला समजणाऱ्या भाषेतील आज्ञा, स्वतःच रचतो. या सोयीमुळे क्वेरी (डेटाबेसला धाडलेली आज्ञा) केव्हा गेली, किती वेळा गेली आणि कोणत्या ट्रँझॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) गेली, हे नुसता कोड वाचून कळत नाही. बहुतेक दोष याच तीन प्रश्नांपाशी सापडतात. नोंदीतील उदाहरणांसाठी नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांची आवक, लिलाव आणि तोलाई यांचा हिशेब ठेवणारा एक काल्पनिक प्रोग्राम घेतला आहे.

उगम : एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमान १९७० मध्ये मांडले. ऑब्जेक्टाधारित भाषा रूढ झाल्यावर या दोन रचनांचा सांधा जुळत नसल्याची तक्रार १९८० च्या दशकापासून दिसते. मॅपरचा पहिला मान कोणाला द्यायचा, याविषयी मात्र एकमत नाही. एका मतानुसार नेक्स्ट कंपनीचे एंटरप्राइझ ऑब्जेक्ट्स फ्रेमवर्क (१९९४) हे पहिले पूर्ण स्वरूपाचे साधन होय. हे मत मानणारे त्याआधीच्या डीबीकिटलाही त्याच वंशात धरतात. दुसऱ्या मतानुसार हा मान कॅनडातील ओटावा येथील द ऑब्जेक्ट पीपल या कंपनीच्या टॉपलिंकला जातो. ते आधी स्मॉलटॉकसाठी आणि नंतर, साधारण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जावासाठी आले व पुढे २००२ मध्ये ओरॅकलकडे गेले. त्याही आधीचे ऑब्जेक्ट-डेटाबेसांवरील संशोधन हाच खरा उगम, असेही काहीजण म्हणतात. पण त्या संशोधनाचा रोख संबंधात्मक डेटाबेस बाजूला सारण्याकडे होता, त्याच्याशी जुळवून घेण्याकडे नव्हता, त्यामुळे हे मत तितकेसे पटत नाही. पहिल्या दोन मतांतील अंतर थोड्याच वर्षांचे आहे. क्लास आणि टेबल दोघांच्याही बाहेर ठेवलेले, स्वतंत्र जुळणीवर्णन ही कसोटी लावली, तर टॉपलिंकची वंशरेषा पुढील साधनांपर्यंत अधिक सलग लावता येते.

पायथनपुरता हा वाद काहीसा दूरचा ठरतो. पायथनमधील मॅपरांवर अधिक थेट ठसा आहे तो मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये ग्रथित केलेल्या परिभाषेचा. ॲक्टिव्ह रेकॉर्ड, डेटा मॅपर, युनिट ऑफ वर्क, आयडेंटिटी मॅप ही नावे एसक्यूएलअल्केमी या पायथन ओआरएमच्या दस्तऐवजांत जशीच्या तशी येतात. डेटाबेसशी थेट बोलणाऱ्या ड्रायव्हरांसाठीचा समान करार, डीबी-एपीआय २.०, त्याआधीच १९९९ मध्ये तयार झाला होता; पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांत तो पेप २४९ म्हणून नोंदलेला आहे. इयन बिकिंग यांचे एसक्यूएलऑब्जेक्ट २००२-०३ च्या सुमाराचे. स्वतःचा ओआरएम असलेले जँगो हे वेब-साधन जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या मॉडेल-रचनेची मोठी फेरमांडणी २००६ मधील ०.९५ आवृत्तीत झाली. माइक बेयर यांच्या एसक्यूएलअल्केमीची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००६ मधली. पीवी, पोनी, टॉर्टॉइज ही त्यानंतरची साधने.

दोन घराणी : ही विभागणी दोषशोधनात रोज उपयोगी पडते. जँगो ॲक्टिव्ह रेकॉर्डच्या, म्हणजे ऑब्जेक्टने स्वतःच स्वतःला साठवण्याच्या पद्धतीच्या, जवळचे आहे. तेथे सेव्ह म्हटले की एसक्यूएल लगेच जाते आणि वेगळे ट्रँझॅक्शन उघडलेले नसेल, तर बदल तेथेच पक्का होतो. चूक असेल तर एरर बहुधा त्याच ओळीवर येते. एसक्यूएलअल्केमी डेटा मॅपर घराण्यातले; ते बदल सेशन नावाच्या मधल्या ऑब्जेक्टात साठवते आणि फ्लशच्या वेळी एकदम डेटाबेसला पाठवते. त्यातच ऑटोफ्लश, म्हणजे आपोआप होणारा फ्लश, असल्यामुळे साधी वाचनाची क्वेरी निघण्यापूर्वीही साठलेले बदल आधी रवाना होतात. लिलावाच्या नोंदीत अडत्याचा क्रमांक भरायचा राहून गेला आणि पुढे दहा ओळींनी आजची आवक वाचायला गेले, तर एरर त्या वाचनाच्या ओळीवर फुटते. नवखा प्रोग्रामर तीच ओळ तपासत बसतो. एररच्या मजकुरात ऑटोफ्लशचा स्पष्ट उल्लेख असतो. तो दिसला की नजर मागच्या ओळींकडे वळवावी.

एक एरर आली की तिच्यामागून दुसऱ्यांची रांग लागते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्लश फसल्यावर सेशन रोलबॅक न करता, म्हणजे बदल मागे न घेता, पुढे वापरले, तर एसक्यूएलअल्केमीत १.४ आवृत्तीपासून पेंडिंगरोलबॅकएरर मिळते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये तुटलेल्या ट्रँझॅक्शनमधील पुढची प्रत्येक आज्ञा नाकारली जाते, आणि जँगोच्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये (एका ट्रँझॅक्शनमध्ये चालणाऱ्या कोडात) एरर आतल्या आत गिळली, तर ट्रँझॅक्शनमॅनेजमेंटएरर उभी राहते. या तिन्ही एररी परिणाम आहेत. कारण लॉगमध्ये वर, पहिल्या एररीत असते. ती बहुधा इंटिग्रिटीएरर, म्हणजे डेटाबेसचे एखादे बंधन मोडल्याची एरर, निघते. लॉगचा शेवट वाचून उपाय शोधण्याची सवय येथे फार वेळ खाते.

२.० आवृत्तीचा बदल : जानेवारी २०२३ च्या एसक्यूएलअल्केमी २.० मध्ये लायब्ररीच्या पातळीवरचा ऑटोकमिट, म्हणजे बदल आपोआप पक्का (कमिट) करण्याची सोय, काढून टाकण्यात आला. जुन्या कोडमध्ये कनेक्शनवर इन्सर्ट चालवले की ते पक्के होत असे. नव्या आवृत्तीत कमिट न लिहिल्यास कनेक्शन परत जाताना सगळे रोलबॅक होते आणि कोणतीही एरर येत नाही. तोलाईच्या नोंदी गेल्यासारख्या वाटतात, लॉगमध्ये इन्सर्टही दिसते, पण टेबल रिकामे राहते. लॉगमधल्या इन्सर्टखाली कमिट आहे की रोलबॅक, एवढे पाहिले की निदान होते. कच्चे एसक्यूएल नुसत्या स्ट्रिंगने दिल्यास मात्र २.० स्पष्ट एरर देते. ते टेक्स्ट फंक्शनमध्ये गुंडाळावे लागते.

क्वेरींची संख्या : यादीसाठी एक आणि यादीतील प्रत्येक ओळीसाठी आणखी एक अशा क्वेरी जातात, याला एन अधिक एक समस्या म्हणतात. दिवसाच्या ३०० लॉटची यादी एका क्वेरीने येते. यादी छापताना प्रत्येक लॉटच्या अडत्याचे नाव मागितले की दर लॉटमागे आणखी एक क्वेरी जाते. एकूण ३०१. हे म्हणजे ३०० पोत्यांसाठी गोदामात ३०० चकरा मारण्यासारखे आहे. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट, म्हणजे त्याच यंत्रावरच्या फायलीतला डेटाबेस, असल्याने हे जाणवत नाही. डेटाबेस मुंबईतील क्लाउड-केंद्रात आणि प्रोग्राम नागपूरच्या कार्यालयात असला, की हिशेब बदलतो. प्रकाशीय तंतूत संकेताचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किमी असतो. ७०० किमीच्या जाण्यायेण्याला किमान ७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३०१ चकरांना २.१ सेकंद, आणि यात डेटाबेसने केलेले काम धरलेलेच नाही. प्रत्यक्ष मार्ग सरळ नसल्याने वेळ याहून जास्तच भरतो.

यावर उपाय म्हणजे संबंधित ओळी आधीच मागवणे. जँगोत एकेरी संबंधासाठी सिलेक्ट-रिलेटेड आणि अनेक ओळींच्या संबंधासाठी प्रीफेच-रिलेटेड वापरतात. एसक्यूएलअल्केमीत जॉइन्डलोड आणि, १.२ आवृत्तीपासून, सिलेक्टइनलोड. दुसऱ्या पद्धतीत ओळींच्या किल्ल्या (ओळख-क्रमांक) ५००-५०० च्या गठ्ठ्यांनी जातात, त्यामुळे ३०० लॉटना एकच जादा क्वेरी पुरते. उपाय आंधळेपणाने लावला तर उलटतो. प्रत्येक लॉटच्या १२ बोल्या आणि ४ तोलाया एकाच जॉइनमध्ये (टेबले जोडणाऱ्या क्वेरीत) ओढल्या, की ३०० लॉटांपोटी १४,४०० ओळी येतात. क्वेरी एक आणि तरी पान पूर्वीपेक्षा मंद, अशी तक्रार आली तर आधी ओळींची संख्या मोजावी. चुकून होणारे आळशी वाचन, म्हणजे गुणधर्माला हात लावताच जाणारी क्वेरी, अडवण्यासाठी रेझलोड लावता येतो, तर जँगोच्या चाचण्यांत असर्टनमक्वेरीज लिहून संख्येवर पहारा बसवता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा पहारा प्रत्येक यादी-पानाच्या चाचणीत असायलाच हवा, कारण एखाद्याने टेम्पलेटमध्ये एक रकाना वाढवला तरी संख्या गुपचूप वाढते.

कनेक्शन : एसक्यूएलअल्केमीचा नेहमीचा पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, ५ कनेक्शन धरून ठेवतो, गरजेला आणखी १० उघडतो आणि त्यापुढच्या मागणीला ३० सेकंद थांबवून टाइमआउट देतो. ही एरर दिसली की पूल वाढवण्याचा मोह होतो. आधी सेशन बंद होतात का, हे पाहावे. पोस्टग्रेसक्यूएलच्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या दृश्यात 'आयडल इन ट्रँझॅक्शन' अशा अवस्थेत लटकलेली कनेक्शन दिसली, तर गळती प्रोग्रामातच आहे. शिवाय पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. ८ वर्कर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या प्रोसेस) प्रत्येकी १५ कनेक्शनपर्यंत गेले तर १२० होतात, आणि पोस्टग्रेसक्यूएलची मूळ मर्यादा १०० आहे. फोर्क होण्यापूर्वी, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी फुटण्यापूर्वी, उघडलेले कनेक्शन दोन वर्करांनी वापरले, तर एकाचे उत्तर दुसऱ्याला मिळण्यापर्यंत विचित्र प्रकार घडतात. वर्कर सुरू होताच इंजिनचा पूल टाकून द्यावा लागतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणाऱ्या छोट्या कार्यालयांत एक ठरावीक तक्रार येते. सकाळी पहिल्याने पान उघडले की एरर येते आणि पुन्हा उघडले की सगळे सुरळीत चालते. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, तोडते. रात्रभर कोणी नसल्याने पूलमधली कनेक्शन मेलेली असतात आणि पहिली विनंती त्यांच्यावर आदळते. लाइट जाऊन राउटर बंद पडल्यावरही हेच दिसते. पूल-प्री-पिंग सुरू केले की प्रत्येक कनेक्शन हाती देण्यापूर्वी तपासले जाते आणि हा प्रकार थांबतो. पूल-रिसायकलने वयोमर्यादा घालता येते, पण मध्येच तुटलेल्या कनेक्शनावर तो उपाय नाही.

एसक्यूलाइटवरून पोस्टग्रेसक्यूएलवर जाताना वेगळे दोष उघडे पडतात. एसक्यूलाइट रकान्याची लांबी तपासत नाही आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीशी असलेल्या दुव्याची तपासणी) मुद्दाम सुरू करावी लागते. जँगो ती स्वतः सुरू करते. एसक्यूएलअल्केमीत ते काम प्रोग्रामरचे.

सेशनचे आयुष्य : कमिटनंतर एसक्यूएलअल्केमी ऑब्जेक्टांतील गुणधर्मांची मूल्ये शिळी ठरवते आणि पुढच्या स्पर्शाला नव्याने वाचते. तोवर सेशन बंद झाले असेल तर डिटॅच्डइन्स्टन्सएरर येते. असिंक्रोनस (उत्तराची वाट पाहताना इतर काम चालू ठेवणाऱ्या) सेशनमध्ये हेच आळशी वाचन मिसिंगग्रीनलेट या, प्रथमदर्शनी काहीच न सांगणाऱ्या, नावाने प्रकटते. दोन्हींचा उपाय एकच: लागणारा डेटा सेशन उघडे असतानाच मागून घ्यावा.

वेळ : भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. पहाटे ४ वाजता आलेल्या ट्रकची नोंद यूटीसीत आदल्या दिवशीच्या २२:३० ची होते. जँगोचा नवा प्रकल्प टाइमझोन यूटीसी घेऊन तयार होतो. तो एशिया/कोलकाता केला नाही तर पहाटेची आवक कालच्या हिशेबात जाते. मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबले भरलेली नसतील तर जँगोची तारखेवरून गाळणी करणारी क्वेरी एरर न देता रिकामी परतते.

नागपूरमध्ये : व्हीएनआयटी (स्थापना १९६०, प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून), ट्रिपल आयटी (२०१६) आणि नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, तसेच परसोडीचा आयटी पार्क व मिहान ही शहरातील संगणक-क्षेत्राची मुख्य ठिकाणे. विद्यार्थी सहसा आधी हाताने एसक्यूएल शिकतो आणि प्रकल्पाच्या वर्षी ओआरएमकडे येतो. हा क्रम दोषशोधनाला फार अनुकूल आहे.

देवनागरी मजकूर : इंग्रजी दस्तऐवजांत न सापडणारा दोष येथे भेटतो. 'वऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला विचारल्यास पहिल्याची लांबी ६, दुसऱ्याची ७ येते. यूटीएफ-८ मध्ये १८ आणि २१ बाइट. वऱ्हाडपांडे आडनावाचा अडत्या टेबलात डोळ्यांना दिसतो, पण नेहमीचे कोलेशन (मजकूर तुलनेचे नियम) असलेल्या पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नावाने शोधल्यास सापडत नाही. लॉगमधले एसक्यूएलही निर्दोष दिसते, म्हणूनच हा दोष तासन्‌तास छळतो. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या लेखनांना एकरूप करणे) नुक्त्याने लिहिलेला ऱ जोडून घेते, पण जोडकाचे रूप तसेच ठेवते. त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. बदल स्वतः लिहावा लागतो, आणि तो सेव्हच्या फंक्शनमध्ये न ठेवता रकान्याच्या प्रकारातच ठेवावा: एसक्यूएलअल्केमीत टाइपडेकोरेटर, जँगोत गेट-प्रेप-व्हॅल्यू. तेथून साठवायची आणि शोधायची दोन्ही नावे जातात. आधीच्या ओळी एकदा दुरुस्त करून घ्याव्या लागतात. दुरुस्तीनंतर दोन वेगळ्या भासणाऱ्या नोंदी एकच निघू शकतात, त्यामुळे युनिक बंधन (तेच मूल्य पुन्हा न येऊ देणारे) असलेल्या टेबलात जोड्या आधी शोधून, त्यांच्याशी निगडित लिलाव आणि तोलाया एका नोंदीकडे वळवून, मगच ती चालवावी.