जर्मनीतलं ‘फुकट’ शिक्षण: नेमकं काय फुकट?

‘जर्मनीत एमएस फुकट होतं, फक्त विमानाचं तिकीट काढा,’ असं आजही कितीतरी घरांत ठामपणे सांगितलं जातं. त्यातलं खरं एवढंच की बहुतेक सरकारी विद्यापीठं ट्यूशन फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात तर आता मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो.

खरी धावपळ होते ती ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच मिळते अशा खात्यासाठी. व्हिसाला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. पण कळकळीने सांगते, ही फी नव्हे! पैसे तुमचेच. तिथे पोचलात की महिन्याला ९९२ युरो तुमच्या खात्यात येतात. त्यातूनच खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. कुणी एजंट हा आकडा ‘कॉलेजची फी’ म्हणून सांगत असेल, तर त्याच्याकडून उठून या.

‘तिथे काम करून भागवेन’ हेही व्हिसाच्या वेळी चालत नाही. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पैशांची सोय आधी दाखवावी लागते. डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती असेल, तर तिचं पत्र त्यासाठी धरलं जातं. म्हणून अर्ज आधी या शिष्यवृत्तीसाठी करा, कर्जाचं नंतर बघा.